खालचा हात

रंगाऱ्यांच्या बोलीत रंगाच्या थराला थर म्हणत नाहीत, हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, आणि गिऱ्हाईक अडून बसलं तर तिसरा. पेंटरकाकांनी उभा जन्म असे हात मारण्यात घालवला होता. गल्लीतल्या निम्म्या दारांवर आपला हात आहे हे ते सगळ्यांना सांगत, कोणी विचारलेलं नसलं तरी. काम सोडून बरीच वर्षं झाली होती, पण कोणाकडे गेले की चहा यायच्या आधी ते दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवायचे आणि "नीट घासलं नाही" असा निकाल देऊन मोकळे व्हायचे. त्यांना चहाला बोलावणारी घरं त्यामुळे कमी कमी होत गेली. काकांना त्याचं काही वाटत नसे. चहा काय, घरीही मिळतो.

त्यांची दोन मतं पक्की होती. उघडं लाकूड म्हणजे उघडा माणूस, त्याला असं चारचौघांत ठेवू नये, हे एक. आणि घासल्याशिवाय रंग धरत नाही, हे दुसरं. बाकी जगातल्या कुठल्याही गोष्टीवर ते हुज्जत घालायला तयार असत, या दोन गोष्टींवर मात्र चर्चा नाही.

घरात माणसं चार. काका, मुलगा, सून आणि दीड वर्षाची नात. काकू जाऊन काही वर्षं झाली होती. नातीला घरात सगळे खारूताई म्हणत, कारण दात यायला लागल्यापासून तिने एक वस्तू सोडली नव्हती. चपला झाल्या, रिमोट झाला, आजोबांच्या चष्म्याची दांडी झाली. पण सगळ्यांत लाडकी होती ती पुढच्या खोलीतल्या खिडकीची खालची फळी. ती बरोबर तिच्या हनुवटीला लागायची. मुलगा-सून कामाला गेले की आजोबा स्टूल ओढून खिडकीशी बसत, नात फळी धरून उभी राही, आणि दोघं रस्ता बघत. कुत्रं दिसलं की ती "भू" म्हणायची. तिच्याकडे मोजके शब्द होते, त्यात हा सगळ्यांत खणखणीत. कुत्रं नसेल तेव्हा ती निवांत फळी कुरतडायची.

"लाकडाची पारख आहे पोरीला," काका कौतुकाने म्हणायचे. "रंगाऱ्याची नात शोभते."

मग खारूताईची भूक गेली. पोट धरून रडायची, कारण नसताना किरकिर करायची, रात्रीची दचकून उठायची. दात येताहेत, असं शेजारणीचं मत पडलं. दात येतच होते, त्यामुळे काही दिवस सगळ्यांनी ते मानून घेतलं. पण समोरून कुत्रं गेलं आणि ती नुसती बघत राहिली, "भू" म्हणाली नाही, तेव्हा सुनेला ते दातांचं कारण पटेनासं झालं. तिने सुट्टी टाकली आणि मुलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, हिरड्या बघितल्या, आणि मग भलताच प्रश्न विचारला. घर किती जुनं आहे? सुनेने सांगितलं. मूल काय काय चावतं? सुनेने यादी सुरू केली, आणि खिडकीपाशी आल्यावर बाईंनी तिला थांबवलं. रक्त काढलं. रक्तात शिसं निघालं, आणि ते थोडंथोडकं नव्हतं.

"हे मेंदूच्या वाढीला मारक असतं," डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "झालेलं सगळं भरून येईल असं वचन मी देत नाही. पण पुढचं थांबवता येतं, आणि ते आपल्या हातात आहे. शिसं कुठून येतंय ते शोधून काढा. मी पुन्हा रक्त बघणार आहे. आकडा चढलेला दिसला तर मुलीला त्या घरात ठेवायचं नाही."

संध्याकाळी हे घरात सांगितलं गेलं तेव्हा काकांनी आधी डॉक्टरीणबाईंनाच उडवून लावलं.

"माझ्या रंगात शिसं? या घराला दुसऱ्या कोणाचा ब्रश लागलेला नाही. गिऱ्हाइकाच्या घरी त्याने आणून दिला तो रंग लावायचो, पण इथे मी स्वतः घोटलेला लावलाय. डबा उचलून बघायचो. जड असला तरच घरात. हलका माल मी माझ्या घराला लावीन?"

"बाबा, तुम्ही मुद्दाम लावलं असं कोण म्हणतंय," मुलगा म्हणाला. "तपासून घेऊ. नसलं तर सुटलो."

तपासणीवाल्या बाई आल्या त्या एक यंत्र घेऊन. केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं, फक्त त्यातून वारा येत नव्हता. ते भिंतीला टेकवायचं आणि आकडा वाचायचा, एवढंच. काका त्यांच्या मागोमाग सासऱ्याच्या रुबाबात हिंडत होते. भिंती साफ निघाल्या. दारं साफ निघाली, ती मुलाच्या लग्नात बदललेली होती. काकांची मान ताठ होत होत पार छताला लागली. मग बाईंनी खिडकीच्या फळीला यंत्र टेकवलं, आकडा बघितला आणि पुन्हा टेकवलं. त्यांनी कोपऱ्यातला सुटलेला रंगाचा एक पापुद्रा चिमट्याने उचलला आणि त्याची कड काकांच्या डोळ्यांपुढे धरली.

"काका, यातले हात ओळखता येतील?"

बाईंनी थर म्हटलं नाही, हात म्हटलं, म्हणून काका जरा विरघळले. चष्मा वर करून त्यांनी कड निरखली.

"हा वरचा निळा, नातीच्या बारशाच्या वेळचा. त्याखाली बदामी, तो लग्नातला. हिरवा आमच्या हिचा हट्ट होता, मला कधीच आवडला नाही. आणि सगळ्यांत खाली आमचा पांढरा. राहायला आलो तेव्हाचा."

"शिसं त्या पांढऱ्यात आहे. वरचे तिन्ही ठीक आहेत."

"पांढऱ्यात शिसं कुठून येईल? तो सफेदा आहे. मी स्वतः जवसाच्या तेलात घोटलाय. अस्सल सफेदा, भेसळ नाही त्यात."

"काका," बाई म्हणाल्या, "सफेदा म्हणजेच शिसं. शिशाचीच पांढरी पूड असते ती."

काका खाली बसले. सफेदा हा शब्द ते मिसरूड फुटायच्या आधीपासून वापरत होते. पिठासारखा बोटांना मऊ लागायचा, डब्यात जड असायचा, लाकडावर असा बसायचा की वर्षानुवर्षं हलायचं नाव नाही. ज्याला परवडायचं तो सफेदा मागायचा. नवीन संसाराच्या पहिल्या खिडकीसाठी त्यांनी तो राखून ठेवला होता. त्यात शिसं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि पिठाला कोणी कधी विचारतं का, की बाबा तू मुळात कोण?

बाईंनी सुनेला सगळं समजावून दिलं. उघडताना-मिटताना झडप चौकटीला घासते आणि वरचे हात झिजून खालच्याची पूड फळीवर पडते. तीच बोटांवरून तोंडात जाते, चावलं तर थेटच. खिडकी आख्खी काढायची, पण ते काम शिकलेली माणसं करतील. त्यांची वेळ मिळायला थोडे दिवस जातील. तोवर फळीवर जाड टेप चिकटवा, खिडकी उघडू नका, ओल्या फडक्याने पुसत राहा, मुलीचे हात सारखे धुवा. "आणि कोणीही खिडकीला हात लावू नका," असं त्यांनी निघताना दारातून पुन्हा सांगितलं.

काकांनी ते ऐकलं. पण असल्या सूचना गिऱ्हाइकाला द्यायच्या असतात हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. तेही द्यायचे. ओल्या रंगाला हात लावू नका, शिडीखालून जाऊ नका. रंगाऱ्याने रंगाऱ्याला असं काही सांगायचं नसतं. शिवाय त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. आपण लावलेला हात पोरीच्या पोटात जातोय आणि आपण त्यावर टेप चिकटवून कोणाच्या तरी वेळेची वाट बघतोय, हे त्यांना सहन होईना. माल खराब निघाला तर तो मुळापासून काढायचा असतो. आणि मुळापासून काढायचं म्हणजे काय करायचं हे त्यांना झोपेतही आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खारूताई आतल्या खोलीत झोपली. काकांनी खाटेखालची पिशवी ओढली. तिच्यात त्यांचे ब्रश, खरवडायची पत्री, पॉलिश पेपरचे तुकडे आणि कामाचा सदरा होता. दार लोटून घेतलं, टेप काढली आणि कामाला लागले. उजवा हात हल्ली साथ देत नसे. मनगट मधेच खाली पडायचं, कप सुटायचा. वयाचं दुखणं म्हणून त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी डाव्या हाताने उजवा दाबून धरला आणि घासत राहिले. निळा गेला, बदामी गेला, हिरवा गेला तेव्हा बायकोची आठवण येऊन ते क्षणभर थांबले, आणि मग पांढराही गेला. फळीचं लाकूड स्वच्छ उघडं पडलं. त्यांनी केरसुणीने खोली झाडून काढली आणि घाम पुसला. पुष्कळ दिवसांनी आपण काहीतरी उपयोगाचं केलं, असं त्यांना वाटलं.

खारूताई उठून रांगत बाहेर आली. खोलीभर फिरली, फळीपाशी उभी राहिली, आजोबांच्या सदऱ्यात तोंड खुपसून खेळली. तिच्या पापण्यांवर पांढरी बारीक पूड बसली होती. म्हातारीसारखी दिसतेस, म्हणून काका तिला हसले.

सून घरी आली तीच दारात थबकली. टीव्हीवर, गादीवर, पाण्याच्या भांड्याच्या झाकणावर, सगळीकडे तो पांढरा थर होता.

"बाबा, हे काय केलंत?"

"काढून टाकला," काका म्हणाले. "मुळापासून. आता तुझी ती माणसं नाही आली तरी चालेल."

सुनेने मुलीला उचललं, मोरीत नेलं आणि कपड्यांसकट पाण्याखाली धरलं. मुलगी किंचाळत होती आणि आई रडत होती. काका मोरीच्या दाराशी उभे होते. आपलं नेमकं काय चुकलं, हे त्यांना तपासणीवाल्या बाईंचा फोन येईपर्यंत कळलं नाही. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. फळीवर होतं तोवर ते एका जागी होतं, त्या म्हणाल्या. आता ते घरभर झालं. कोरडं घासण्याइतकं वाईट यात दुसरं काही नाही.

आकडा चढला. डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं आणि आधी बजावलं होतं ते पाळायला लावलं. सून मुलीला घेऊन माहेरी निघाली. बॅग तिने एकटीनेच भरली. दारात मात्र थांबली.

"बाबा, मला तुमच्याशी भांडायचं नाहीये. तुम्ही जीव लावता तिला, मला माहीत आहे. पण आता या घराला हात लावू नका. कशालाच लावू नका."

ती साधं बोलली होती, तिच्या मनात दुसरा अर्थ नव्हता. काकांना मात्र तो दुसरा, रंगाऱ्याचाच आधी ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त मागवलं होतं. मुलाचं, सुनेचं ठीक निघालं. काकांचं नातीपेक्षा कितीतरी वाईट निघालं. वर्षानुवर्षं ती पूड छातीत घेतलेली होती, ती हाडांत जाऊन बसली होती. मनगट पडतं ते वयाने नाही, शिशाने पडतं, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"म्हणजे चांगला मुरला म्हणायचा," काका म्हणाले. "मी म्हणत होतो ना, हलका माल नाही तो."

मुलगा हसला नाही. काकांनाही हसू आलं नाही.

खिडकी काढायला माणसं आली. अंगभर पांढरे झगे, तोंडाला मुखवटे. त्यांच्या म्होरक्याला सगळे पाणक्या म्हणत, कारण तो फवारा घेतल्याशिवाय कशालाही शिवत नसे. काकांना त्या दिवसांत घरात राहायची मनाई होती. मुलाच्या मित्राकडे झोपायची सोय झाली होती, पण दिवसभर ते समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःच्या खिडकीकडे बघत राहायचे. आतून प्लॅस्टिक लावलेलं, मागे सावल्या हलताहेत.

"रंगकाम करताय की धुणं धुताय?" पाणक्या बाहेर आला की ते विचारायचे.

"धुणंच समजा, काका. कोरडं काही करायचं नाही. ओलं करायचं, खरवडायचं, ओलंच उचलायचं, पिशवीत बांधायचं."

"आम्ही म्हणायचो, धूळ उडाली म्हणजे काम झालं."

"आमच्यात धूळ उडाली म्हणजे घरी जायचं," पाणक्या म्हणाला आणि पाणी पिऊन परत आत गेला.

चौकट निघाली, झडपा निघाल्या, सगळं गुंडाळून गाडीत गेलं. खोल्या यंत्राने शोषून घेतल्या, मग छतापासून जमिनीपर्यंत पुसल्या, आणि पुन्हा पुसल्या. तपासणीवाल्या बाई आल्या. जागोजागी ओल्या कागदाने पुसून ते कागद तपासायला घेऊन गेल्या. सगळीकडे निकाल चांगला आला, एक जागा सोडून. काकांच्या खाटेखाली अजून शिसं होतं.

मुलगा बापाकडे बघत होता. काका उठले, वाकले आणि पिशवी ओढून बाहेर काढली. घर आवरून द्यायच्या दिवशी ती त्यांनी मुद्दाम स्वतःबरोबर नेली होती आणि काम संपल्यावर गुपचूप जागेवर ठेवली होती. त्यातले ब्रश त्यांनी दर वापरानंतर धुतलेले होते, एकाचाही केस वाकडा नव्हता. सदऱ्यावर गल्लीतल्या सगळ्या घरांचे रंग होते. त्यांनी पिशवी उघडून एकदा आत बघायचं मनात आणलं, मग न उघडताच, पुन्हा पुसायला आलेल्या पाणक्याकडे दिली.

"ओली करून बांध," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला खाटेखालचा कागदही स्वच्छ आला. नवी खिडकी बसली. कोवळं, पिवळसर, उघडं लाकूड. ते बघून काकांची बोटं शिवशिवली, पण ते खिडकीपासून चार हात लांब स्टूल टाकून बसायला लागले.

माहेरी औषध, दूध, लोहाचे थेंब असं सगळं चालू होतं. आकडा उतरायला लागला. एकदम नाही, पण तपासणीगणिक उतरत गेला. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली तेव्हा सून मुलीला घेऊन घरी आली. तिच्या एका हातात खारूताई होती आणि दुसऱ्या हातात रंगाचा डबा, वर नवाकोरा ब्रश बांधलेला. डबा तिने काकांच्या पुढ्यात ठेवला.

"शिसं नाही यात. त्या तपासणीवाल्या बाईंना दाखवून आणलाय. खिडकीला हात तुम्हीच मारायचा."

काकांनी डबा उचलून बघितला. हलका होता.

"तूच म्हणाली होतीस, घराला हात लावू नका."

"म्हणाले होते. बरोबरच म्हणाले होते," सून म्हणाली. "आता सांगतेय, लावा."

काकांनी लाकूड ओल्या फडक्याने पुसलं. पॉलिश पेपरचं नावही काढलं नाही. ब्रश बुडवला, काठाला निथळला, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात टेकवला, आणि तेवढ्यात मनगट पडलं. रंगाचा ओघळ खाली आला. त्यांनी डावा हात आधाराला घेतला, पुन्हा ब्रश लावला, पुन्हा तेच. मुलगा तोंड फिरवून डबा पुसत बसला. काका ब्रश खाली ठेवणार होते. तेवढ्यात सून मागून आली आणि तिने त्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला.

"कुठून सुरू करायचं सांगा."

"वरून खाली," काका म्हणाले. "आणि जोर देऊ नकोस. ब्रशला चालू दे."

असा तो हात झाला. रेषा सरळ आली नाही. दुसऱ्या कोणाचं काम असतं तर काकांनी अंगठा फिरवून धिंडवडे काढले असते. चौकट झाली, झडपा झाल्या. खालच्या फळीपाशी आल्यावर त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"ही राहिली," सून म्हणाली.

"राहू दे तशीच."

"उघडं लाकूड?"

"राहू दे म्हटलं ना," काका म्हणाले. "हिला हात नको."

चौकट चांगली वाळल्यावर, काही दिवसांनी, खारूताईला पहिल्यांदा पुढच्या खोलीत मोकळं सोडलं. ती इकडेतिकडे न बघता सरळ खिडकीपाशी गेली, फळीला धरून उभी राहिली आणि तिने त्या कोऱ्या लाकडात दात रुतवले. सून झटक्यात उठली. काकांनी तिला हाताने थांबवलं. तिघंही आपापल्या जागीच थांबले, आणि पोरगी आरामात कुरतडत राहिली.

मग तिने तोंड वर केलं, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "भू."

काका धडपडत उठून खिडकीशी गेले. पोरगी उगाच तर काही बोलली नाही ना, हे त्यांना बघायचं होतं. रस्त्यावर खरंच कुत्रं होतं.